ढाक्याची शिलाई आणि आपला तागा

गेल्या ईदच्या खरेदीसाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. नातवासाठी एक शर्ट पसंत केला. जन्म कापडाच्या धंद्यात गेलेला असल्याने भाव विचारण्याआधी आमचा हात कापडाकडे गेला. पोत चांगला, शिलाई सरळ, काज घट्ट. गळ्यामागची पट्टी उलटून पाहिली तर तिच्यावर 'मेड इन बांगलादेश'. आम्ही शर्ट घेतला, पण परतीच्या प्रवासात मन त्या पट्टीतच अडकून राहिले. त्या देशात कापूस नावापुरताच पिकतो. सूतगिरण्यांना लागणारा कापूस बाहेरून येतो, त्यात आपल्या देशाचाही मोठा वाटा राहिला आहे. आणि आपल्याकडे खानदेश-विदर्भात कापूस, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत यंत्रमाग, घरोघरी पिढीजात विणकर. तरीही शिवलेला कपडा विकतो तो ढाका, आणि आपण कोरा तागा मीटरवर विकून गप्प बसतो. हे कसे झाले?

बांगलादेशचे नाव घेतले की हल्ली काही लोक वेगळ्याच नजरेने पाहतात. जपान-कोरियाचा दाखला दिला तर कोणी भुवया उंचावत नाही. आम्ही येथे राजकारण करावयास बसलेलो नाही. व्यापारी शेजारच्या दुकानाचा गल्ला का भरतो हे पाहतो, तेवढ्याच हेतूने हा हिशोब मांडत आहोत.

शून्यातून सुरुवात

१९७१ साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे ताग, भात आणि माणसे याशिवाय फारसे काही नव्हते. १९७२ मध्ये सरकारने ताग गिरण्या, कापड गिरण्या व बँका ताब्यात घेतल्या. १९७४ मध्ये दुष्काळ पडला, माणसे उपासमारीने मेली. जगातील शहाण्या लोकांनी त्या देशाची आशा सोडून दिली होती.

१९७८ साली नूरुल कादिर नावाच्या एका माजी सनदी अधिकाऱ्याने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. कोरियाला त्या वेळी मोठी अडचण होती. १९७४ पासून अमेरिका व युरोपने कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा बांधला होता. कोरियाचा कोटा भरला होता, भारतालाही कोट्याची मर्यादा होती, बांगलादेशला मात्र कोटाच लावलेला नव्हता, कारण तेथून कपडा जातच नव्हता. म्हणून देवूला तेथे शिवून घेण्यात फायदा दिसला. 'देश गार्मेंट्स' या नावाने चितगावजवळ कारखाना उभा राहिला. पण त्याआधी १९७९ मध्ये १३० माणसे सहा महिन्यांसाठी कोरियात शिकायला पाठविली गेली. कापड कसे कापावे, एका शर्टाचे काम अनेक हातांत कसे वाटावे, माल कसा तपासावा, परदेशी गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार कसा करावा, हे सगळे ती शिकून आली.

पुढील आठ-नऊ वर्षांत त्या १३० पैकी ११५ माणसे 'देश' सोडून गेली. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाचे त्यात नुकसान झाले असेल, पण देशाचे कल्याण झाले. हुनर एका छपराखाली बंद राहिला नाही. आपल्याकडे अजून कारागीर सुटून जाईल या भीतीने मालक त्याला पूर्ण काम शिकवीत नाही, हे आपण सारे जाणतो.

एका कागदाची करामत

शिकलेला माणूस झाला, पण भांडवल कोठून आणणार? येथेच त्या देशाने जी युक्ती केली ती प्रत्येक लहान व्यापाऱ्याने समजून घ्यावी. तिचे नाव 'बॅक टू बॅक एल.सी.', म्हणजे एका पतपत्राच्या पाठीवर काढलेले दुसरे पतपत्र. तिच्या जोडीला 'बाँडेड वेअरहाऊस', म्हणजे जकात न भरता कच्चा माल ठेवण्याचे गोदाम.

उदाहरण घेऊ. परदेशी गिऱ्हाइकाने १ लाख डॉलरच्या शर्टांची ऑर्डर दिली आणि आपल्या बँकेकडून तेवढ्या रकमेचे पतपत्र पाठविले. ढाक्याचा कारखानदार ते पतपत्र घेऊन आपल्या बँकेत गेला. बँकेने त्याचे घर, जमीन, दागिने विचारले नाहीत. त्या पतपत्राच्याच आधारावर तिने कापड विकणाऱ्याच्या नावे, समजा, ७० हजार डॉलरचे दुसरे पतपत्र मुदतीवर काढून दिले. कापड आले, जकात न देता बाँडच्या गोदामात पडले, शिवले गेले, बोटीवर चढले. गिऱ्हाइकाचे पैसे बँकेत आले, बँकेने कापडवाल्याचे चुकते केले, उरलेले कारखानदाराला दिले. कारखानदाराने स्वतःच्या खिशातून घातले ते मशीन, भाडे आणि मजुरी.

सांगण्याचा मुद्दा असा की, त्या देशाने गरीब कारखानदाराची ऑर्डर हेच त्याचे भांडवल मानले. ज्याच्या हातात हुनर आहे आणि ज्याच्याकडे गिऱ्हाइकाचा खरा कागद आहे, त्याला तारणाची गरज नाही, हे सरकारने आणि बँकेने मान्य केले. विकासाचे धोरण म्हणून मोठमोठे ग्रंथ लिहिले जातात. आमच्या मते त्यातला निम्मा सार या एका कागदात आहे.

आपल्याकडे त्याच काळात काय चालले होते? तयार कपडे शिवण्याचा धंदा लघुउद्योगासाठी राखीव होता. हेतू लहान माणसाला वाचविण्याचा होता, पण परिणाम असा झाला की कोणी मोठा होऊच शकला नाही आणि परदेशी गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर पेलणारा कारखाना उभा राहिला नाही. २००० सालच्या वस्त्रोद्योग धोरणात विणलेल्या कापडाच्या तयार कपड्यांवरील हे आरक्षण उठविले गेले. तोवर ढाक्याने वीस वर्षांची मजल मारली होती. २००४ च्या अखेरीस जगाचा कोटा संपला. आता बांगलादेश बुडणार असे पुष्कळांनी सांगितले. बुडाला नाही, कारण तोपर्यंत त्याच्याकडे सवलतीखेरीज सवयही आली होती. आज त्या देशाच्या निर्यातीपैकी ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा शिवलेल्या कपड्यांचा आहे.

मुलीची कमाई, मुलीची तालीम

हे झाले व्यापाराचे. पण केवळ पतपत्राने देश उठत नाही. शिलाई मशीनवर कोण बसले? गावाकडून आलेल्या मुली. आणि त्या तेथवर पोहोचाव्यात म्हणून दुसऱ्या बाजूने जे काम झाले ते तितकेच मोलाचे आहे.

फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या 'ब्रॅक' संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर बायका पाठविल्या. हगवणीने मूल दगावू नये म्हणून अर्धा सेर पाण्यात मूठभर गूळ आणि तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ कसे घालावे, एवढेच त्यांनी आयांना शिकविले. १ कोटीहून अधिक घरे झाली. शिकविणारणीला पगार मिळे तो आईला किती लक्षात राहिले ते तपासून. १९८२ मध्ये सरकारने औषधांचे नवे धोरण आणून अत्यावश्यक औषधांची यादी ठरविली, निरुपयोगी औषधे बाजारातून काढली आणि देशी कारखान्यांना संधी दिली. कुटुंब नियोजनाच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या. सत्तरीच्या दशकात तेथे एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुले होत, आज ती संख्या दोन-अडीचच्या आसपास आहे. हे सक्तीने नव्हे, समजुतीने झाले, आणि बहुसंख्य मुसलमान वस्तीच्या देशात झाले, हे ज्यांना आपल्या समाजाबद्दल वाटेल ते बोलण्याची सवय आहे त्यांनीही ध्यानात ठेवावे.

१९९४ पासून ग्रामीण भागात माध्यमिक शाळेतील मुलींना शिष्यवृत्ती सुरू झाली. अटी तीन होत्या: हजेरी ७५ टक्के, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न झालेले नसावे. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी कारखान्यांजवळची गावे पाहिली तेव्हा दिसले की, तेथील मुली जास्त वर्षे शाळेत राहतात आणि त्यांची लग्ने उशिरा होतात. बापाचा हिशोब सरळ होता. मुलीला वाचता-मोजता आले तर कारखान्यात काम मिळते. शाळेने कारखान्याला मुली दिल्या, कारखान्याने शाळेला मुली दिल्या.

चितगावजवळच्या जोब्रा गावात १९७६ मध्ये मुहम्मद युनूस यांनी ४२ माणसांना मिळून २७ डॉलरएवढी रक्कम उसनी दिली, त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये नोबेल मिळाले, हे आपण वाचलेले आहे. त्या कर्जावर टीकाही झाली. व्याजाचा प्रश्न आहे, एका कर्जासाठी दुसरे काढण्याचा प्रश्न आहे. आमचे मत असे की, छोट्या कर्जाने कुटुंब तगून राहिले, पण कुटुंब वर आले ते महिन्याच्या पगाराने.

किंमत कोणी मोजली?

हिशोब मांडायचा तर जमेबरोबर नावेही लिहावी लागते. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला भेगा पडल्या. खाली असलेल्या बँकेने आपले लोक घरी पाठविले. वरच्या मजल्यांवरील शिलाई कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी मजुरांना पुन्हा आत बोलाविले. पगार कापण्याची धमकी दिली गेली. सकाळी इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे गेली, त्यात बायका सर्वांत जास्त. त्याच्या पाच महिने आधी ताझरीन कारखान्याच्या आगीत शंभराहून अधिक मजूर गेले होते.

त्यानंतर परदेशी कंपन्या व कामगार संघटना यांच्यात करार झाला, दीड हजाराहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली, जिने, दरवाजे, विजेची जोडणी सुधारली. म्हणजे करता येत होते. आधी केले नाही, एवढेच. मजुरीचेही तसेच. डिसेंबर २०२३ पासून किमान पगार महिना १२५०० टका झाला, पण त्यासाठी मजुरांना रस्त्यावर यावे लागले आणि त्यात जीवही गेले.

आणखी एक नावे. निर्यात वाढली, पण शिकलेल्या तरुणांना कामे मिळाली नाहीत आणि तोंड उघडण्याची सोय राहिली नाही. जुलै २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांवरून विद्यार्थी उठले, शेकडो मारले गेले आणि ५ ऑगस्ट रोजी पंतप्रधानांना देश सोडावा लागला. ज्या धोरणात पोटाची सोय आहे पण बोलण्याची नाही, ते धोरण अर्धेच असते. शिवाय सगळा देश एका शर्टावर उभा करण्यात धोका आहेच. मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशचे तयार कपडे न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतूनच येतील असा नियम केला, तेव्हा तेथील कारखानदारांची किती धावपळ झाली असेल हे धंदेवाल्याला सांगावयास नको.

आपण कोठे अडलो?

आता आपल्या गावाकडे येऊ. १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबे मालेगावात आली, त्यांनी हातमाग लावले, पुढे यंत्रमाग आले. हुनराला तोटा नाही. पण आपण मधल्या पायरीवर अडकून राहिलो. सूत बाहेरून आणतो, कोरे कापड विणतो आणि रंगाई-छपाईला दुसऱ्या प्रांतात पाठवितो. ज्या पायरीवर कमाई अधिक आणि बायकांना काम अधिक, ती शिलाईची पायरी आपण चढलोच नाही. ढाक्याने आधी शिवायला सुरुवात केली, मग मागे येत विणाईचे व सुताचे कारखाने उभारले. आपण उलट्या टोकाने निघालो आणि अर्ध्यावर बसलो. आपल्या बायका कांड्या भरतात, पण त्यांची मजुरी ना कोठल्या नोंदीत आहे ना कोठल्या खात्यात.

सरकारकडे मागायचे ते मागावेच. यंत्रमागवाल्याला ऑर्डरच्या आधारावर कर्ज मिळावे. बिलावर आगाऊ पैसे देणारी 'ट्रेड्स' ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेने आणली, पण तिचा उपयोग मोठ्या कंपन्यांच्या बिलांना. लहान व्यापाऱ्याच्या बिलापर्यंत ती पोहोचत नाही. शिलाई शिकविण्याची केंद्रे मुलींना जाता येईल अशा मोहल्ल्यात हवीत. सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले होते की आपल्या समाजात स्वतःचा धंदा करणारे पुष्कळ आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळते ते कमी. ही मागणी जुनी आहे, ती करीत राहिले पाहिजे.

आमच्या वहीतले एक पान

पण येथे आम्हाला स्वतःबद्दल काही सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी एक कारखानदार आमच्या गादीवर येऊन बसला. आठ मागांचा मालक, बापापासूनचा संबंध. चहा घेतला आणि म्हणाला, "शेठ, चार माग काढले." आम्ही विचारले, कोणाला दिले? म्हणाला, "भंगारात. किलोवर." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "माल तुम्हा लोकांकडे पडून, सूतवाल्याचा तगादा माझ्या दारात. किती दिवस खेचणार?"

तो गेल्यावर आम्ही वही उघडली. त्याचे आमच्याकडे किती दिवसांचे पैसे अडकले आहेत ते पाहिले. ११० दिवस. आम्हाला कोणाची बेइमानी करायची नव्हती. बाजाराचा रिवाजच तो आहे. पुढच्या गिऱ्हाइकाने आम्हाला लटकाविले, आम्ही मागच्याला लटकाविले. पण रिवाज म्हटले की गुन्हा नाहीसा होतो काय? ढाक्याच्या बँकेने कारखानदाराची ऑर्डर भांडवल मानली. आम्ही आमच्या कारखानदाराचा विणून तयार झालेला माल गोदामात ठेवून त्याचेच भांडवल वापरीत होतो. व्याजापासून दूर राहतो असे आपल्यापैकी पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. बिनव्याजी, न मागता, गरिबाकडून घेतलेले हे कर्ज कोणत्या खात्यात लिहायचे?

२००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे ठरावीक मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावे लागतात. पण तो कायदा कागदावरच होता. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची जोड दिली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च धरला जात नाही. बाजारात ओरड झाली. 'उद्यम' नोंदणी नसलेल्याकडूनच माल घ्या, अशीही कुजबुज आम्ही ऐकली. भाईंनो, हे बरोबर नाही. ज्या कायद्याने आपल्याच मोहल्ल्यातला विणकर वाचतो, त्यातून पळवाट शोधणारे आपणच असू तर सरकारच्या दारात कोणत्या तोंडाने जाणार?

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला आहे. माल आला की त्याच दिवशी तारखेची चिठ्ठी द्यायची आणि ४५ दिवसांत पैसे. पहिले सहा महिने ओढाताण झाली. उधारीवर माल मागणारी दोन गिऱ्हाइके सुटली, आमचा धंदा थोडा आकसला. पण कारखानदार आता चांगला माल आधी आमच्याकडे आणतो आणि रोखीचा वटावही स्वतःहून देतो. भंगारात गेलेले चार माग मात्र परत आले नाहीत.

म्हणून आमची व्यापारी बांधवांना तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, तारखेची चिठ्ठी आणि ४५ दिवस. एकट्याने केले तर तोटा सोसावा लागतो, संघटनेने ठरविले तर कोणालाच सोसावा लागत नाही. दुसरी, कारखान्याचा जिना, विजेची जोडणी आणि रात्रीच्या पाळीला बाहेरून लागणारे कुलूप आजच तपासा. राणा प्लाझाची भेग आदल्या दिवशी सर्वांना दिसली होती. तिसरी, मुलीला दहावीच्या पुढे शिकू द्या, आणि ती काम करील तर तिच्या नावाच्या खात्यात मजुरी जमा करा. आमच्या उर्दू शाळेत आमच्या बहिणी सातवीपर्यंतही पोहोचल्या नाहीत. पाढे त्यांचे आमच्यापेक्षा पक्के होते. आज आमची वही लिहायला आम्ही पगारी माणूस ठेवतो.

बांगलादेशला कोणी वरून दौलत पाठविली नाही. त्याने लहान माणसाच्या कागदाला किंमत दिली आणि मुलीच्या हाताला काम दिले. जेथे त्याने माणसाच्या जिवाची किंमत कमी धरली तेथे तो रडला. आपल्या हातात सरकार नाही, बँक नाही. पण आपली वही आपल्या हातात आहे. आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी ती उघडून पाहावी आणि सर्वांत जुने येणे कोणाचे थकले आहे ते शोधावे. उद्या पहिला चेक त्याच्या नावाने निघाला तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.